रॉकमधलं भूत कसं रचावं: चार गोष्टींच्या भयपटाची कृती

रॉक संगीतावर भुताची गोष्ट लिहायला बसलेला माणूस पहिल्याच रात्री एक चूक करतो. तो आधी भूत ठरवतो आणि मग त्याच्या गळ्यात गिटार अडकवतो. मेलेला गिटारवादक, धूर, लाल दिवे, कवटीची अंगठी. हेच भूत सनईवाल्याचंही चाललं असतं, फक्त अंगठी काढावी लागली असती.

व्हीएच-वन या अमेरिकी संगीतवाहिनीने २००१ मध्ये ‘स्ट्रेंज फ्रीक्वेन्सी’ नावाचा टीव्ही-चित्रपट दाखवला. सुट्या अद्भुत गोष्टी, सगळ्या रॉकभोवती फिरणाऱ्या, आणि सूत्रधार म्हणून ‘द हू’ बँडचा गायक रॉजर डॉल्ट्री. एका गोष्टीत हॉटेलच्या खोल्यांची नासधूस करायची खोड असलेला रॉकस्टार आहे (हे काम ड्युरान ड्युरान बँडच्या जॉन टेलरने केलंय) आणि त्याची गाठ पडते खोली आवरणाऱ्या बाईशी. दुसरीत दोन हेवी मेटलवाले (रॉकच्या सगळ्यात जड, कर्कश प्रकाराचे वेडे) मरतात आणि जाऊन पडतात कुठे, तर डिस्कोत. चित्रपट थोर वगैरे नाही. पण मेटलवाल्याचा नरक म्हणजे डिस्को, हे ज्याला सुचलं त्याला या प्रकाराची किल्ली सापडली होती. भीती त्या माणसाच्या धंद्यातून आणि खोडीतून यायला हवी.

तुम्हाला असा चार गोष्टींचा संच लिहायचा असेल, लघुपटासाठी, वेबसाठी किंवा नुसता हौस म्हणून, तर मी ज्या क्रमाने जातो तो क्रम असा.

पहिली पायरी: भूत नंतर, वस्तू आधी

एक कागद घ्या आणि बँडच्या आयुष्यातल्या वस्तू लिहा. अँप (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी), केबल, पेडल (पायाने दाबून आवाज बदलायची डबी), कॅसेट, टूरची गाडी, गाण्यांच्या क्रमाची चिठ्ठी, करारपत्र, तालमीच्या खोलीची किल्ली. आता प्रत्येकीपुढे लिहा की ती बिघडली की काय करते. भूत याच रकान्यात सापडतं.

कॉलेजात असताना आम्ही पुण्यात एका मित्राच्या गॅरेजमध्ये वाजवायचो. एका संध्याकाळी गाणं संपलं, सगळे गप्प झाले आणि अँपमधून बारीक, नाकातल्या आवाजात एक माणूस बोलायला लागला. ड्रमरच्या हातातली काडी खाली पडली. मी बेस गिटार गळ्यातून काढायचंही विसरलो. अर्ध्या मिनिटाने शब्द लागले: कांद्याचे दर चालले होते. केबलच्या आतली जाळी तुटली होती आणि ती अँटेनासारखी रेडिओ पकडत होती. कांदा ऐकू येईपर्यंतचं ते अर्धं मिनिट म्हणजे तुमची गोष्ट. कांदा येऊच द्यायचा नाही, बस.

दुसरी पायरी: वस्तूला एक नियम द्या

वस्तू सापडली की तिला एकच नियम लावायचा आणि तो शेवटपर्यंत मोडायचा नाही. उदाहरण घेऊ.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची. अर्थिंगमध्ये गडबड असली की अँप त्याच सुरात गुणगुणतो. वाजवणारे त्याला ‘हम’ म्हणतात. पाश्चात्त्य स्वरांतला खालचा जी हा ४९ हर्ट्झचा, म्हणजे आपल्या भिंतीतला हम हा जरासा चढलेला जी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथल्या भिंती वेगळ्या सुरात गातात.

आता गोष्ट. एका बँडला तालमीसाठी फुकटात खोली मिळते. अँप हम करतो, काही केल्या थांबत नाही. वैतागून गिटारवाला म्हणतो, जाऊ दे, तंबोरा समजा, यालाच सूर लावू. सगळे त्या हमला वाद्यं जुळवतात आणि आयुष्यात पहिल्यांदा चांगलं गाणं करतात. मग दुसरं, तिसरं. नियम असा की चांगलं गाणं फक्त या खोलीत, या हमवर होतं. बाहेर कार्यक्रम असतो तिथे जनरेटर, त्याची वारंवारता हलते आणि बँडचा पार बोऱ्या वाजतो. ते परत खोलीकडे धावतात. शेवटच्या प्रसंगात वायरमन येतो, बाहेरची मीटरची रिकामी पाटी बघतो आणि म्हणतो, “अहो, इथलं मीटर कधीच काढून नेलंय. लाइन नाहीये या खोलीला.” आत हम चालूच.

कवटी नाही, धूर नाही. नियम एक, आणि तो शेवटच्या वाक्यात उलटून अंगावर येतो.

तिसरी पायरी: दंतकथा वापरा, पण तिच्या मागच्या दाराने आत शिरा

रॉकच्या दंतकथा इतक्या वापरून झाल्यात की त्यांच्या पुढच्या दाराशी रांग आहे. सगळ्यात जुनी रॉबर्ट जॉन्सनची. अमेरिकेतल्या मिसिसिपीचा हा ब्लूज (ज्यातून पुढे रॉक निघालं ते संगीत) गायक तिठ्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून गिटार शिकला म्हणतात. त्याने १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासात मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी तो गेला. तिठ्यावर उतारा टाकलेला पाहून वळसा घालणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट लगेच पटते. पण आत्मा विकल्याची कथा त्याच्या आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जायची. आणि रॉबर्ट जॉन्सनला शिकवणारा आइक झिमरमन त्याला रात्री स्मशानात सरावाला न्यायचा, असं झिमरमनच्या घरचे सांगत. कारण साधं होतं: तिथे कोणाची झोपमोड होत नसे. मला सैतानापेक्षा हे दुसरं चित्र जास्त आवडतं. थडग्यावर बसून दोन माणसं निमूट सराव करताहेत आणि ऐकणाऱ्यांची तक्रार नाही. अजून तरी नाही.

२७ व्या वर्षी मेलेल्या कलावंतांच्या यादीवर मात्र गोष्ट लिहू नका. जॅनिस जॉप्लिन, जिमी हेंड्रिक्स, कर्ट कोबेन ही खरी माणसं होती, त्यांच्या घरचे लोक आहेत. शिवाय ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ मध्ये आलेल्या अभ्यासात २७ या वयाला मृत्यूचं काही खास शिखर दिसलं नव्हतं; धोका सबंध विशी-तिशीतच जास्त होता.

चौथी पायरी: भीतीचा स्वर आपल्या कानाने तपासा

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा एक बँड आधी ‘अर्थ’ नावाने वाजवायचा. १९६९ मध्ये त्याने नाव बदलून ब्लॅक सॅबथ केलं. हे नाव मारिओ बाव्हाच्या १९६३ च्या एका इटालियन चित्रपटाच्या इंग्रजी नावावरून उचललेलं, आणि तो चित्रपट म्हणजे तीन सुट्या भयकथांचा संच! म्हणजे हेवी मेटलच्या नामकरणालाच असा एक संचपट हजर होता. १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, त्यांचा पहिला अल्बम आला. सुरुवातीला पाऊस, घंटा, आणि मग टोनी आयोमीच्या गिटारवर तीन स्वर: जी, वरचा जी, आणि सी शार्प. टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात पत्र्याच्या यंत्रात गेली होती; प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने टोपणं बनवली आणि ती घालून तो वाजवायचा.

जी ते सी शार्प या अंतराला पाश्चात्त्य संगीतात ‘सैतानाचा स्वर’ म्हणतात. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही गोष्ट सांगायला छान आहे, तिला आधार नाही. आता गंमत बघा. जी हा षड्ज धरला तर सी शार्प हा तीव्र मध्यम. म्हणजे यमन! आपल्या कानाला तो स्वर संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यासारखा लागतो. म्हणून नुसता तो स्वर वाजवला की मराठी प्रेक्षक दचकेल हे विसरा. यमनात तीव्र मध्यम पंचमाकडे जातो, घरी पोचतो. भीती हवी असेल तर त्याला पंचमाशी पोचू देऊ नका. तिथेच लोंबकळत ठेवा, खाली षड्ज चालू ठेवा आणि बघा, ओळखीचा स्वर कसा अनोळखी होतो ते.

पाचवी पायरी: गोष्टी बांधणारा दोरा

चार गोष्टी एकामागे एक ठेवल्या की त्याचा संच होत नाही, ढीग होतो. मधे येऊन नुसतं गूढ हसणारा सूत्रधार मला पुरत नाही. त्याचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं हवं. नमुना शोधायला परदेशी जायला नको. वेताळ पंचविशीत राजाला प्रेत न्यायचंय, मौन पाळायचंय, आणि गोष्टीच्या शेवटचा प्रश्न त्याला बोलायला लावतो. बोलला की वेताळ परत झाडावर.

मौन आणि रॉक? स्टुडिओतला लाल दिवा, मुद्रण चालू आहे, गप्प बसा असं सांगणारा! रात्रपाळीला एकटी ध्वनिमुद्रक बसली आहे, दिवा पेटलेला आहे, हेडफोनमध्ये एक आवाज गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. तोंडून शब्द गेला की टेप पहिल्यापासून. आता चारही गोष्टींना ताण आपोआप येतो.

क्रम लावताना सगळ्यात छोटी गोष्ट आधी, विनोदी तिसरी आणि सगळ्यात शांत शेवटी ठेवा. सलग तीन गोष्टींत शेवटी कोणीतरी मरत असेल तर एक फाडून टाका.

सहावी पायरी: गाणं

प्रसिद्ध गाणं वापरायचा मोह झाला तर खर्चाचा अंदाज घ्या. शब्द-चालीचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. दोन्हीकडून परवानगी लागते. भारतात शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. त्यापेक्षा ओळखीच्या पोरांकडून नवं गाणं करून घ्या, कागदावर लिहून आणि पैसे देऊन.

आणि गोष्टीत ‘ऐकलं की माणूस वेडा होतो’ असं गाणं असेल तर ते ऐकवू नका. कोणतंही खरं गाणं तेवढं चांगलं निघत नाही. दार लावा, आतून फक्त बेसचा दणका येऊ द्या, आणि कॅमेरा बाहेर चहा घेऊन उभ्या असलेल्या पोऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवा.

चित्रीकरणाच्या दिवशी

इलेक्ट्रिक गिटारला केबल लावलेली आहे ना ते बघा. हसू नका, केबलशिवाय गर्जणाऱ्या गिटारी मी किती पडद्यांवर पाहिल्यात. नटाचा डावा हात स्वर बदलला की हलला पाहिजे. उलटा आवाज हवा असेल तर वाक्य उलटं म्हणायला नटाला आधी शिकवा, ते मुद्रित करा आणि मग उलटवा. शब्द कळतात, पण श्वास चुकीच्या बाजूने येतो.

आवाजाची शेवटची जुळणी हेडफोनवर करू नका. साध्या टीव्हीवर, घरातल्या खोलीत, रात्री लावून बघा. तिथे बेस निम्मा गायब होतो, म्हणून हम ५० ऐवजी १०० हर्ट्झवर, एक सप्तक वर ठेवा. श्रेयनामावलीखाली गाणं नको, नुसता हम चालू द्या आणि शेवटच्या नावाबरोबर तो कापा. खोली शांत होईल. मग प्रेक्षकाला स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू येईल, त्याच सुरात.