प्रोग्रॅमच्या पोटात लुआ बसवताय? इव्हेंट हाताळताना या चुका टाळा

रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या मळ्यावर आमचा ठिबकचा कंट्रोलर बसवून तीन आठवडे झाले होते. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. सकाळी सहाला नानांचा फोन आला: "भाऊ, लाईट रात्रीतून तीनदा गेली-आली. तीन नंबरचा व्हॉल्व्ह बंदच झाला नाही. त्या प्लॉटात तळं झालंय अन् बाकीचे सगळे कोरडे आहेत." मे महिना होता. ४५ अंशांच्या उन्हात केळीचा एक दिवस कोरडा गेला तर काय होतं, हे खान्देशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

व्हॉल्व्ह ठीक होता, वायरिंग ठीक होतं. दोष आमच्या प्रोग्रॅममध्ये होता. मूळ प्रोग्रॅम सी भाषेत आहे आणि पाण्या-खताचे नियम लुआ या छोट्या भाषेच्या स्क्रिप्टमध्ये, कारण प्रत्येक मळ्याचे नियम वेगळे असतात आणि त्यासाठी दर वेळी सगळं नव्याने कंपाइल करणं परवडत नाही. लुआ १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या रिओच्या कॅथलिक विद्यापीठात तयार झाली ती अशीच, मोठ्या प्रोग्रॅमच्या आत बसण्यासाठी. भाषा बसवायला एक दुपार पुरते. अवघड भाग इव्हेंटचा, म्हणजे लाईट आली, दाब बदलला अशा घडामोडी स्क्रिप्टला कळवण्याचा. त्या रात्रीनंतर आम्ही सगळा कोड एकाच कसोटीवर तपासला: कधी काय चालायचं हे मूळ प्रोग्रॅम ठरवतोय, की नकळत ते स्क्रिप्टच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या हाती गेलंय? खालच्या सगळ्या चुका इथेच सापडल्या.

उघड्यावर केलेला कॉल

त्या रात्री झालं ते असं. लाईट आली, प्रोग्रॅमने स्क्रिप्टमधलं 'लाईट_आली' हे फंक्शन बोलावलं. त्यात दाबाच्या आकड्यावर एक वजाबाकी होती. पण दाबाच्या सेन्सरने लाईट आल्यानंतरचं पहिलं रीडिंग अजून दिलंच नव्हतं, म्हणून आकड्याच्या जागी निल, म्हणजे 'काहीच नाही', होतं. लुआने एरर फेकला. आम्ही फंक्शन 'लुआ_कॉल'ने बोलावलं होतं आणि बाहेर 'लुआ_पीकॉल'चं (एरर आला तर तो पकडून परत देणाऱ्या कॉलचं) संरक्षण नव्हतं. असा न पकडलेला एरर थेट पॅनिक फंक्शनपर्यंत (लुआ अगदी शेवटी बोलावते त्या फंक्शनपर्यंत) जातो आणि त्यानंतर लुआ पूर्ण प्रोग्रॅमच बंद करते. आमचे व्हॉल्व्ह लॅचिंग सोलेनॉइडचे, म्हणजे शेवटच्या स्थितीत तसेच राहणारे. तीन नंबर उघडा होता, तो उघडाच राहिला. मोटरला ऑटो स्टार्टर, त्यामुळे लाईट आली की मोटर आपली आपण सुरू. पाणी जात राहिलं.

ही चूक टेबलावर दिसत नाही. लुआचा स्वतःचा कमांड लाइन प्रोग्रॅम सगळं पीकॉलच्या आत चालवतो, त्यामुळे तिथे टाइप केलेल्या ओळीत एरर आला तरी फक्त संदेश छापला जातो आणि काम पुढे चालू राहतं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ते संरक्षण तुम्हालाच द्यावं लागतं.

उपाय: स्क्रिप्टमध्ये शिरायचं दार एकच ठेवा. सीमधलं एकच फंक्शन लिहा आणि प्रत्येक इव्हेंट तिथूनच आत जाऊ द्या. त्याने आत जाण्यापूर्वी स्टॅकची (सी आणि लुआ ज्यातून किमती देतात-घेतात त्या ढिगाची) उंची नोंदवावी, पीकॉल करावा, बाहेर आल्यावर स्टॅक पुन्हा त्याच उंचीवर आणावा. पीकॉलला मेसेज हँडलर (एरर येताच चालणारं फंक्शन) द्या आणि ट्रेसबॅक (कॉल कुठून कुठे गेले त्याची यादी) त्या हँडलरमध्येच घ्या. पीकॉल परतल्यानंतर घ्यायला गेलात तर एरर जिथे झाला तो स्टॅक उलगडून गेलेला असतो आणि कुठल्या ओळीत गडबड झाली ते कळत नाही. आणि एरर पकडून गप्प बसू नका. स्क्रिप्टमधला इव्हेंट हाताळणारा हँडलर पडला तर व्हॉल्व्ह बंद करायचे की आहेत तसे ठेवायचे, हे सीच्या बाजूने आधीच ठरलेलं हवं.

इव्हेंटच्या आत इव्हेंट

सगळ्यात जास्त वेळ आमचा इथे गेला. स्क्रिप्टमध्ये दोन साधे नियम होते. दाब कमी झाला तर चालू व्हॉल्व्ह बंद कर. व्हॉल्व्ह बंद झाला तर रांगेतला पुढचा उघड. वाचायला दोन्ही बरोबर. पण आमचं 'व्हॉल्व्ह बंद' हे सी फंक्शन काम करता करता 'व्हॉल्व्ह_बदलला' हा इव्हेंट तिथल्या तिथे स्क्रिप्टला कळवत होतं. म्हणजे पहिला हँडलर अर्ध्यावर असतानाच दुसरा सुरू व्हायचा. तो पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा, दाब पुन्हा कमी, पुन्हा पहिला हँडलर, आधीचा संपलेला नसतानाच. लुआ आणि सी यांच्यातल्या अशा एकात एक शिरणाऱ्या कॉलना मर्यादा आहे, मूळ सोर्समध्ये ती २०० आहे, आणि तिथे 'सी स्टॅक ओव्हरफ्लो' हा एरर येतो. तो आला तर नशीब. बहुतेक वेळा तो येत नाही. चार-पाच पातळ्या आत जाऊन गोष्ट थांबते आणि वरचा हँडलर परत येतो तेव्हा त्याने सुरुवातीला वाचलेली स्थिती खोटी झालेली असते. मग दोन व्हॉल्व्ह एकदम उघडे सापडतात आणि कारण कुठल्याच एका ओळीत दिसत नाही.

उपाय एकच: स्क्रिप्टने केलेल्या कामातून जो इव्हेंट जन्मतो, तो लगेच कळवायचा नाही. तो रांगेच्या शेवटी टाकायचा आणि चालू हँडलर पूर्ण संपल्यावर, पुढच्या फेरीत काढायचा. एका फेरीत किती इव्हेंट काढायचे यालाही मर्यादा ठेवा, नाहीतर दोन नियम एकमेकांना टोलवत बसतील आणि मुख्य लूप इतर कामांकडे फिरकणारच नाही.

रांग आली की नवा प्रश्न येतो, रांग फुगण्याचा. दाबाचं रीडिंग सेकंदाला दहा वेळा येत असेल तर जुनी नऊ फेकून ताजं एक ठेवलं तरी चालतं, कारण ती स्थिती आहे. 'लाईट आली' आणि 'लाईट गेली' या घटना आहेत. त्यांतली एक जरी गाळली तरी स्क्रिप्टचा हिशोब चुकतो. हा फरक इव्हेंटच्या प्रकारातच लिहून ठेवा. लाईट मिनिटात तीनदा गेली-आली तर ती स्थिरावेपर्यंत थांबण्याचं काम मात्र सीच्या बाजूने करा. प्रत्येक मळ्याच्या स्क्रिप्टमध्ये ते वेगळं लिहिलं, तर कुठेतरी राहून जाणारच.

याच घरातली आणखी एक चूक: हँडलरने चालू असतानाच स्वतःचं नाव यादीतून काढणं. ॲरेतून मधला घटक काढला की मागचे पुढे सरकतात आणि पुढच्या हँडलरची पाळी हुकते. काढायचा तो आधी 'मृत' म्हणून नुसता खुणावा, फेरी संपल्यावर झाडून टाका.

दुसऱ्या थ्रेडमधून लुआला हात लावणं

आरएस-४८५ या सीरियल वायरवरून सेन्सर वाचणारा थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा धागा) वेगळा असतो आणि मोह होतो की रीडिंग आलं तिथूनच स्क्रिप्टला बोलवावं. लुआची एक स्टेट (तिची चालू असलेली एक प्रत, सगळ्या माहितीसकट) एका वेळी एकाच थ्रेडने वापरायची असते. तिच्या आत कुलपाच्या जागा आहेत, पण मूळ रूपात त्या रिकाम्या आहेत. त्या थ्रेडने फक्त रांगेत नोंद टाकावी, एवढंच. पायथॉन बसवणाऱ्यांनी बाहेरच्या थ्रेडमधून शिरताना आधी जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं कुलूप) घ्यायचा असतो. क्विकजेएस हे जावास्क्रिप्टचं छोटं इंजिन बसवणाऱ्यांची अडचण निराळी: प्रॉमिसची (नंतर पूर्ण होणाऱ्या कामाची) पुढची कामं मूळ प्रोग्रॅमने मुद्दाम चालवल्याशिवाय चालतच नाहीत, आणि लोक दोन-दोन दिवस स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतात.

"दहा मिनिटं थांब"

खताचा नियम लिहिणारा माणूस सरळ लिहितो: व्हॉल्व्ह उघड, दहा मिनिटं थांब, मग खत सोड. त्याचं काहीच चुकत नाही, शेतातलं काम असंच चालतं. चूक आपली, जर आपण त्याला खरोखर झोपणारं फंक्शन दिलं. ती दहा मिनिटं फिल्टरचा दाब, विहिरीचा फ्लोट, लाईट, काहीच कुणी पाहत नाही.

त्याला तसंच लिहू द्या आणि 'थांब' मागून कोरूटीनने (मध्येच थांबून नंतर तिथूनच पुढे चालणाऱ्या फंक्शनने) करा. हँडलर कोरूटीन म्हणून 'लुआ_रिझ्यूम'ने सुरू करायचा, 'थांब' आलं की तो यील्ड होतो, म्हणजे थांबून ताबा परत देतो, सीचा टायमर वाजला की पुन्हा रिझ्यूम. यात तीन खड्डे आहेत. हँडलर साध्या पीकॉलने बोलावला आणि त्याने आत यील्ड केलं तर तिथून यील्ड करता येत नाही असा एरर येतो. म्हणून त्या 'एकच दार' फंक्शनमध्ये पीकॉलच्या जागी रिझ्यूम येतो. रिझ्यूमही एरर पकडतो आणि तिथे कोरूटीनचा स्टॅक उलगडत नाही, म्हणून ट्रेसबॅक नंतरही मिळतो. दुसरा खड्डा, थांबलेल्या कोरूटीनचा संदर्भ रजिस्ट्रीत (लुआमधल्या सीच्या राखीव टेबलात) ठेवला नाही तर गार्बेज कलेक्टर (कुणी न वापरलेली मेमरी झाडणारा भाग) ते उचलून नेतो आणि खत कधीच सुटत नाही. तिसरा घड्याळाचा. लाईट येऊन नेटवर्क जोडलं की घड्याळ जुळवलं जातं आणि वेळ एकदम पुढे किंवा मागे उडी मारते. टायमर कायम मोनोटॉनिक, म्हणजे अशी उडी न मारणाऱ्या, घड्याळावर चालवा.

न थांबणारा लूप हा वेगळा प्रकार. 'लुआ_सेटहुक'ने ठराविक सूचनांनंतर हुक (लुआ मध्येच बोलावते ते सी फंक्शन) लावा आणि वेळ संपली असेल तर त्यातून एरर फेका. स्क्रिप्टनेच आत पीकॉल केला असेल तर ती हा एरर गिळू शकते, म्हणून हुक एकदा फेकून थांबू नये. लुआजिट या लुआच्या वेगवान अवतारात, चालतानाच कंपाइल (जिट) झालेल्या कोडमध्ये हुक सहसा वाजतच नाही, तिथे यावर विसंबू नका.

नवी स्क्रिप्ट, जुने हँडलर

"खत दुप्पट जातंय ना भो," असा फोन आला तर सगळ्यात आधी हे बघा. स्क्रिप्ट बदलून पुन्हा लोड केली, नवे हँडलर नोंदले गेले, पण जुन्यांना 'लुआएल_अनरेफ' केलेलंच नाही, म्हणजे त्यांचे संदर्भ सोडलेलेच नाहीत. एका इव्हेंटला दोन्ही जागे होतात. प्रत्येक नोंदणीसोबत मालक स्क्रिप्टचं नाव ठेवून रीलोडच्या वेळी ती सगळी काढता येतात, पण मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो: जुनी स्टेट पूर्ण बंद करायची आणि कोरी उघडायची. तेव्हा सीच्या टायमरमध्ये त्या जुन्या स्टेटचे संदर्भ उरलेले नाहीत एवढं पाहा. व्हॉल्व्हसुद्धा स्क्रिप्टला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) म्हणून देऊ नका, क्रमांक द्या, आणि वापरताना तो अजून अस्तित्वात आहे का ते सीने तपासावं.

दोष शोधताना

प्रत्येक इव्हेंटची एक ओळ लिहा: अनुक्रमांक, नाव, रांगेत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, हँडलरला लागलेला वेळ आणि शेवटी स्टॅकची उंची. उंची हळूहळू वाढत असेल तर कुठेतरी काहीतरी काढायचं राहिलंय. आत आणि बाहेरच्या वेळेतलं अंतर वाढत असेल तर कुणीतरी लूप अडवतोय. याच ओळी पुन्हा रांगेत टाकता आल्या पाहिजेत, म्हणजे मळ्यावरची रात्र जळगावात टेबलावर पुन्हा चालवता येते.

नानांच्या मळ्यावर तेव्हा असा लॉग नव्हता. त्यांनी सांगितलेल्या वेळांवरून आम्ही ती रात्र हाताने लिहून काढली: लाईट आली, दाबाचं रीडिंग नाही, लाईट गेली, पुन्हा आली, असं तीनदा. आजही नवी आवृत्ती मळ्यावर जाण्याआधी ती फाइल चालते, आणि शेवटच्या ओळीवर तीन नंबर बंद दिसला नाही तर आवृत्ती जात नाही.