आजींनी सोडलेली गाडी

लिहायला शिकायचं असेल तर पहिले काही दिवस घरी वही उघडून बसू नका. एसटी स्टँडवर जाऊन बसा.

मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. दर शनिवारी संध्याकाळी नव्यानं लिहिणारे सात-आठजण माझ्या टेबलाभोवती जमतात. त्यांना पहिलं काम हेच असतं: कानावर पडलेलं एक वाक्य आणायचं, जसंच्या तसं, प्रमाणभाषेत धुऊन-पुसून नको. एकदा एकानं स्टँडवरच्या आजींचं वाक्य आणलं. त्या शेजारणीला सांगत होत्या, "गाडी चुकली न्हाई बाई, म्याच सोडली. आत आमची सून बसलीती."

मग मी म्हटलं, याच्या आधी काय घडलं आणि पुढं काय झालं, वीस मिनिटांत लिहा. वाक्य एक, गोष्टी आठ निघाल्या! कुणाची सून भांडखोर, कुणाची आजी मानी. त्या दिवशी वाचनालयाला कुलूप लावायला साडेनऊ वाजले.

ही रीत माझी नाही, फार जुनी आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या माणसांना गाठून आठवणी विचारल्या, त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. त्यातल्या लीळा, म्हणजे छोटे छोटे प्रसंग, जरूर वाचा. कित्येक अगदी चार-सहा ओळींच्या आहेत. कोण कुठं बसलं, काय म्हणालं, त्यावर दुसरा काय बोलला, एवढ्यावर माणूस समोर येतो. आपलं गद्य बोलण्यातून आलंय, म्हणून मी आधी कान तयार करायला सांगते.

दुसरा खेळ अभंगाचा. मोठ्या अभंगाचा साचा सोपा आहे: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्यात यमक. जोडाक्षर एकच अक्षर मोजायचं. विषय मात्र देवाचा नको, स्वयंपाकघरातला घ्या. माझा हा एक:

दूध उतू गेले
वास घरभर
आईची नजर
पत्रावर

बावीस अक्षरांत आई काळजीत आहे की आनंदात, हे सांगायला जागाच नाही. नजर कुठं आहे तेवढं दाखवता येतं. कथा लिहिणाऱ्यांनी तर हा खेळ रोज खेळावा. बसमध्ये, दळणाच्या रांगेत, बोटांवर अक्षरं मोजत वेळ कसा जातो कळत नाही. एखादं अक्षर जास्त होतं, मग ते कुठून काढायचं याचा शोध सुरू होतो, आणि ती मजा काही औरच असते.

'मुसळधार', 'अचानक', 'खूप' हे शब्द महिनाभर बंद ठेवा. माझ्या पहिल्या कथेत मुसळधार पाऊस होता. माझ्या थोरल्या बहिणीनं ऐकून विचारलं, "कशावर पडत होता?" मला सांगता येईना. पत्र्यावरचा पाऊस वेगळा, कौलांवरचा वेगळा, उसाच्या पानांवरचा तर फारच वेगळा. कशावर पडतोय ते लिहिलं की तो मुसळधार होता हे लिहावं लागत नाही.

शेवटी मोठ्यानं वाचा, दुसऱ्यासमोर. ऐकणाऱ्यानं 'छान' म्हणायचं नाही, 'सुधार' असंही नाही. डोळ्यांसमोर काय उभं राहिलं तेवढंच सांगायचं. त्या आजींच्या गोष्टीत नववीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं: 'सुनेच्या मांडीवर माहेरची पिशवी होती. आजीनं ती ओळखली. आजीला तिची दया आली.' तिनं वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांना पिशवीच दिसली होती. दया कुणीच सांगितली नाही.

तिनं पेन्सिल घेतली आणि शेवटचं वाक्य खोडलं.