बला तेल घरी कसं सिद्ध करावं: घड्याळ नको, कल्क बघा

तिळाच्या तेलात दोन चमचे बलाचूर्ण घालून दहा मिनिटं मंद आचेवर ठेवलं आणि गाळलं की बला तेल तयार, असं कोणी सांगितलं तर समजा की त्या माणसाने हे तेल आयुष्यात एकदाही केलेलं नाही. ते चूर्ण तळलेलं तेल झालं. सिद्ध तेलात काढा, तेल आणि कल्क (म्हणजे औषधाच्या चूर्णाचा चटणीसारखा गोळा) एकत्र शिजतात, त्यातलं सगळं पाणी हळूहळू उडून जातं आणि मागे औषध मुरलेलं तेल राहतं. ही पायरीच गाळायची असेल तर नुसतं तिळाचं तेल लावा. तेही वाईट नाही.

बला म्हणजे आपला चिकणा. त्याचं मूळ वापरतात. वातावरच्या तेलांमध्ये बलेचा मान मोठा आहे. बाळंतिणीला बला तेलाने अभ्यंग करावं, असं सुश्रुतसंहितेतच सांगितलेलं आहे. मी पहिल्यांदा हे तेल केलं तेही वहिनीच्या बाळंतपणासाठी. आता वर्षातून चार-पाच वेळा करते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात कंबर आणि मांड्या दुखतात त्यासाठी, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांसाठी आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास त्वचा कोरडी पडते, झोप उडते, तेव्हा रात्री तळपायांना लावण्यासाठी. तेल चोळल्याने पीसीओडी बरा होतो किंवा गाठी विरघळतात, असलं काही माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. अंग मोकळं होतं, कोरडेपणा कमी होतो, झोप बरी लागते. एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे.

प्रमाण

कल्क एक भाग, तेल चार भाग, काढा सोळा भाग. हे डोक्यात पक्कं बसलं की कुठलंही साधं सिद्ध तेल करता येतं. घरच्यासाठी 250 मिली तिळाचं तेल (घाण्याचं, रिफाइंड नको), कल्कासाठी 60 ग्रॅम बलामुळाचं बारीक चूर्ण आणि 1 लिटर काढा. काढ्यासाठी 250 ग्रॅम बलामुळाची भरड आणि 4 लिटर पाणी.

पहिल्याच वेळी लिटरभर तेलाचा घाट घालू नका. बिघडलं तर 250 मिलीचंच बिघडू दे.

काढा

भरड रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी झाकण न ठेवता मंद आचेवर चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवा, गाळा. भरडीच्या जागी बारीक चूर्ण वापरलंत तर गाळताना चिखलाशी झुंजाल. 1 लिटरची पातळी ओळखायला मी एक सोपी युक्ती करते. आधी भांड्यात मोजून लिटरभर पाणी ओतते, त्यात लाकडी उलथनं उभं धरते आणि पाणी टेकतं तिथे दांड्यावर खूण करते. मग अंदाजपंचे काही उरत नाही. भरड फुगून पातळी वर दिसते, तेव्हा शेवटी एकदा गाळून मोजाच. जास्त भरला तर काढा पुन्हा आटवा.

तेल आणि कल्क

जाड बुडाचं, चार-पाच लिटरचं स्टीलचं पातेलं किंवा कल्हई केलेली पितळी कढई घ्या. सव्वा लिटर ऐवजाला एवढं भांडं कशाला, असं वाटेल. फेस वर आला की कळेल. तेल एकटंच मंद आचेवर तापवा, बुडबुडे थांबले की उतरवा आणि पूर्ण कोमट होऊ द्या. गरम तेलात काढा ओतायचा नाही. तेल अंगावर उडतं, आणि ते पाण्यासारखं झटकता येत नाही. कल्काचं चूर्ण थोड्या काढ्यात कालवून चटणीसारखा गोळा करा, कोमट तेलात सोडा, वरून उरलेला काढा घाला, ढवळा आणि आच लावा.

औषधनिर्मितीत याआधी तेलाची मूर्च्छना करतात, म्हणजे मंजिष्ठा, हळद वगैरे घालून तेलाचा कच्चेपणा काढतात. घरगुती वाटीभर तेलासाठी मी ती करत नाही.

दूध घालून करायची क्षीरबलेसारखी तेलं तूर्त विसरा. दूध उतू जातं, बुडाला लागतं, आणि ज्याला साधा पाक, म्हणजे तेल नेमकं किती शिजलं ते, ओळखता येत नाही त्याला ते रडवतं.

पाक: खरी गोष्ट इथे आहे

आधी माझ्या दोन फजित्या. पहिल्या वेळी तीन तास ढवळून हात भरून आला होता, वर तेल छान स्वच्छ दिसत होतं, म्हणून गॅस बंद केला. आठ दिवसांत बाटलीच्या तळाशी गढूळ थर आणि झाकण उघडताच आंबूस वास. पाणी राहिलं होतं. दुसऱ्या वेळी मी इरेला पेटले आणि आणखी आटवत बसले. कल्क काळा ठिक्कर पडला आणि तेलाला करपलेल्या डाळीसारखा वास आला. एवढी मेहनत वाया कशी घालवायची म्हणून लावून पाहिलं, तर पाठीला आग सुटली. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पाकाचं जे वर्णन आहे त्यात या दोन्ही चुका लिहून ठेवलेल्या आहेत: आमपाक झालेला, म्हणजे कच्चा राहिलेला स्नेह (तेल किंवा तूप) निर्वीर्य, दग्धपाक झालेला, म्हणजे जळलेला, दाह करणारा. मी ते वाचलं दोन वेळा पोळून झाल्यावर.

असं होतं कारण जोवर कढईत पाणी आहे तोवर तेल फार तापत नाही, 100 अंशांच्या आसपास अडकून राहतं. त्यामुळे पहिले दोन-अडीच तास तुम्ही निवांत असता, मध्ये जाऊन कपडे वाळत घातलेत तरी चालतं. पाणी संपलं की तो लगाम सुटतो आणि तेलाचा ताप झपाट्याने चढतो. मऊ कल्क आणि जळका कल्क यांच्यात काही मिनिटंच असतात. म्हणून ‘किती वेळ ठेवायचं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. आच, भांडं, हवा सगळं बदलतं. मला साधारण तीन तास लागतात, तुम्हाला दोन लागतील किंवा चार.

आधी कान लावा. सुरुवातीला आवाज खदखद असा जड असतो आणि मोठाले बुडबुडे फुटतात. पाणी कमी झालं की तो चुरचुर असा बारीक होतो. इथून पुढे कढई सोडायची नाही, फोन आला तरी नाही. आच अगदी बारीक करा आणि सपाट उलथन्याने बूड खरवडत राहा, कारण वरचा कल्क अजून ओला असतानाच तळाला चिकटलेला कल्क जळायला लागतो. मग आवाज जवळजवळ थांबतो आणि तेलावर बारीक पांढरा फेस येतो. तेलात फेस आला की पाक जवळ आला. तुपात उलट असतं, तिथे फेस बसला की पाक झाला. तुपाची खूण तेलाला लावून फेस बसायची वाट बघाल तर तेल जाळाल.

आता कल्क. तो आधी चिखल असतो, मग चिकट गोळा होतो, उलथन्याला धरून बसतो, मग सुटायला लागतो. सुटायला लागला की गॅस बंद करून थोडा कल्क थंड ताटलीवर काढा. गॅस बंद, हे महत्त्वाचं. तुम्ही तपासत बसता तेवढ्यात पाक पुढे जातो. आणि कल्क पूर्ण गार होऊ द्या. माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती. गरम कल्क नेहमी मऊच लागतो, म्हणून मला वाटायचं अजून कच्चा आहे, आणि मी आणखी आटवायची.

गार झालेली चिमूट अंगठा आणि तर्जनीमध्ये वळा. वळतो पण बोटांना ओलसर चिकटतो, तर मृदुपाक. दिव्यासाठी वळतो तशी वात नीट होते, बोटांना चिकटत नाही, तरी आतून मऊ आहे, तर मध्यमपाक. वात वळताना किंचित कडक लागते, तर खरपाक. दाणे दाणे होऊन चुरा पडला आणि काळपट दिसला, तर तुम्ही उशीर केलात.

मग ती वात चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीवर न्या, कढईपासून चांगलं लांब. चटचट आवाज आला तर पाणी शिल्लक आहे, कढई पुन्हा बारीक आचेवर ठेवा आणि दोन-तीन मिनिटांनी परत तपासा. मुकाट जळली तर झालं. वळलेली वात फसवू शकते, ज्योत नाही. मी दोन्ही खुणा जुळल्याशिवाय कढई उतरवत नाही.

आता एक मतभेदाचा मुद्दा. अभ्यंगाच्या तेलाला खरपाक योग्य, असं ग्रंथ सांगतात, नस्याला (नाकात घालायच्या तेलाला) मृदू आणि बाकी कामांना मध्यम. तरीही माझं ठाम मत आहे की घरी करणाऱ्याने मध्यमपाकाला गॅस बंद करावा. जाड बुडाची कढई उतरवल्यावरही तेल शिजवत राहते आणि पाक आपोआप खराकडे सरकतो. कढईतच खर गाठायला जाल तर उतरवेपर्यंत दग्ध होईल.

जमत असेल तर हे काम दोन दिवसांत वाटून घ्या. तेल-तूप एकाच दिवसात सिद्ध करू नये, रात्रभर ठेवल्याने गुण वाढतात, असा शार्ङ्गधरांचाही दंडक आहे. माझं कारण जास्त व्यवहारी आहे: शेवटची निर्णायक वीस मिनिटं थकलेल्या हाताने येत नाहीत. पहिल्या दिवशी तेलात घातलेला काढा निम्मा आटवा, चांगली उकळी येऊ देऊन झाकून ठेवा, दुसऱ्या सकाळी पुरा करा. एका रात्रीपेक्षा जास्त मी ठेवत नाही, आंबण्याची भीती असते.

गाळणं

कोमट असतानाच कोरड्याठाक सुती कापडातून गाळा आणि पिळा. गार झाल्यावर कल्क तेल सोडत नाही. बाटली काचेची, धुऊन उन्हात वाळवलेली. ओला हात, ओला चमचा काही नको. बाटलीवर तारीख लिहा. 250 मिलीतून 200 च्या आसपास हाती येतं.

लावताना

हे तेल फक्त बाहेरून लावायचं. पोटात, नाकात, बस्तीला (गुदमार्गाने) किंवा योनीत पिचू (तेलात भिजवलेला बोळा) म्हणून घरी केलेलं तेल वापरायचं नाही, ते वैद्यांच्या देखरेखीचं काम आहे. बलेत एफेड्रीनच्या जातीची अल्कलॉइड्स (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवणारी द्रव्यं) असतात, तेव्हा ‘वनस्पतीच तर आहे’ म्हणून चमचाभर पिऊन बघण्याचा प्रकार नको.

आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. खाज किंवा लाली नसेल तर पुढे जा. वाटीभर तेल गरम पाण्यात ठेवून कोमट करा. हातापायांवर लांब हात, सांध्यांवर गोल. घाईच्या दिवशी सगळं अंग जमणार नसेल तर डोकं, कान आणि तळपाय एवढं तरी करा, ग्रंथांनीही या तिघांवरच भर दिलाय. कानाला म्हणजे पाळीला आणि कानामागे, आत ओतायचं नाही. अर्धा तास थांबून गरम पाण्याने अंघोळ. न्हाणीघरात फरशी निसरडी होते, त्यामुळे तळपायांचं तेल आधी पुसून मग आत जा.

ताप, अपचन, कफाचा जोर, नुकतंच जेवण किंवा वमन-विरेचन (औषधाने करवलेली उलटी-जुलाब) झालेलं असेल तर अभ्यंग नाही. पाळीच्या दिवसांतही परंपरेने वर्ज्य आहे. मी ते पाळते, म्हणून माझा अभ्यंगाचा आठवडा आधीचा. गरोदर असाल तर स्वतःच्या मनाने सुरू करू नका. सिझेरियन झालं असेल तर टाक्यांवर आणि आसपास तेल अजिबात नको, बाकी अंगाला कधीपासून ते डॉक्टरांना विचारा. आणि बाळंतपणानंतर ताप, फार रक्तस्राव किंवा एका पोटरीला सूज आणि ठणका असेल तर ती पोटरी चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पिळून उरलेला कल्क मी फेकत नाही. दुसऱ्या दिवशी भेगाळलेल्या टाचांना घासते, पण अंगणात बसून. न्हाणीघरात केलं की जाळी तुंबते.