शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स घालताय? या चुका टाळा

चवथीची सुट्टी संपून लॅब उघडली की एक फोन ठरलेला. "सर, नेट चालू आहे, पण एकही पान उघडत नाही." गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका शाळेत गेलो, तर दहापैकी सहा मशीनवर ब्राउझर ओरडत होता की कनेक्शन सुरक्षित नाही. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) जूनमध्येच घातलेलं, त्यामुळे खापर त्याच्यावरच फुटलं होतं. कोपऱ्यातली तारीख मात्र कोणी पाहिली नव्हती. ती जूनचीच होती!

झालं असं की मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल (सीआर 2032) कधीच मेला होता. रोज प्लग चालू असायचा, तोवर घड्याळ विजेवर चालत राहिलं. सुट्टीत मेन स्विच बंद केला आणि मशीन वेळ विसरलं. इंटरनेटवरून वेळ जुळली असती, पण शाळेच्या राउटरने ती वाट अडवलेली. तारीख मागे राहिली की संकेतस्थळांची नवी प्रमाणपत्रं संगणकाला 'अजून लागू न झालेली' वाटतात, म्हणून पान उघडत नाही. सेल पाव-भाजीच्या प्लेटीहून महाग नाही. लिनक्स घालायच्या आधीच सगळ्या जुन्या मशीनचे सेल बदला.

मशीन उघडलंच आहे, तर रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा. आपल्या दमट हवेत हा उपाय नव्या सिस्टिमपेक्षा जास्त मशीन जिवंत करतो.

घड्याळाचीच दुसरी गंमत. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवली आणि वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकली, तर काहीही बिघडलेलं नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. लिनक्सलाही स्थानिक वेळ धरायला सांगितलं की भांडण मिटतं.

कोणतं लिनक्स घालू?

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि बऱ्याच जुन्या मशीनवर 11 अधिकृतपणे बसत नाही, म्हणून हा प्रश्न हल्ली रोज येतो. एका शाळेत दहावीच्या उत्साही मुलाने काली लिनक्स घालून ठेवलं होतं. ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार, पाचवीच्या वर्गात त्याचं काय काम? 4 जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा झुबुंटू पुरे. 2 जीबीवर लुबुंटू चालेल, पण ब्राउझरच्या दोनच टॅब उघडायची सवय लावा, कारण रॅम खातो तो ब्राउझर. शाळेसाठीचे कार्यक्रम एकत्र हवे असतील तर एडुबुंटू आहे. ते मध्यंतरी बंद पडून 2023 मध्ये पुन्हा सुरू झालं. काहीही घ्या, एलटीएस (वर्षानुवर्षं अपडेट मिळणारी) आवृत्तीच घ्या. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने अपडेट मिळतात, म्हणजे जूनमध्ये घातलेली वार्षिक परीक्षेपर्यंत शिळी.

नेटवरून उतरवलेली लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची) फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून 'बूट होत नाही' म्हणणारे अजून भेटतात. ती रुफस किंवा एचर अशा साधनाने लिहावी लागते. (व्हेंटॉय घातलेल्या पेन ड्राइव्हवर मात्र नुसती कॉपी चालते.)

ऑफिसचा संगणक शेवटी

सगळ्यात महाग चूक म्हणजे ऑफिसच्या संगणकापासून सुरुवात करणं. मुलं दोन दिवसांत रुळतात, अडतात ती आपण मोठी माणसं. कारण ऑफिसच्या मशीनमध्ये वर्षानुवर्षांच्या मराठी प्रश्नपत्रिका असतात आणि त्या युनिकोडआधीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. असतात इंग्रजी अक्षरं, त्यांना फॉन्ट मराठी चेहरा देतो. फॉन्ट नसला की लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवर वर्डच्या जागी वापरतात ते) नुसती इंग्रजी खिचडी दिसते आणि क्लार्क म्हणतात, "फाइली खाल्ल्या." रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि 'ऱ्ह' डोळ्यांनी तपासा, ते हमखास घसरतात. प्रिंटरचंही तसंच: काही इन्स्टॉल न करता लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करून एक पान छापून बघा, छापलं नाही तर त्या मशीनला हात लावू नका.

टायपिंगसाठी कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट निवडा. 'ळ' शिफ्ट आणि एन वर, 'ऱ' शिफ्ट आणि जे वर. शिवाय दस्तऐवजाची भाषा मराठी ठेवा. हिंदी राहिली तर काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात आणि पहिलीतलं पोर विचारतं, बाईंनी फळ्यावर काढला तो 'ल' असा नव्हता.

पावसाळा

वीज गेली-आली, मशीन चालू केलं आणि काळ्या स्क्रीनवर 'इनिट्रॅमएफएस' (initramfs) असा शब्द येऊन थांबलं, तर पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका. वरच्या ओळी वाचा. डिस्कच्या कोणत्या भागाची तपासणी हवी, ते तिथेच लिहिलेलं असतं. त्या भागाचं नाव देऊन एफएससीके (fsck, डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा, मग 'एक्झिट' (exit) लिहा. बहुतेक वेळा मुलांच्या फाइलींसकट सगळं परत येतं. महिन्यातून दोनदा असं झालं तर मात्र आधी हार्ड डिस्क तपासा, मग यूपीएसची बॅटरी.

मुलांना ॲडमिनचा पासवर्ड देऊ नये, हे सांगायला नको. टक्सपेंट (मुलांचा चित्रं काढायचा कार्यक्रम) घातलंत तर त्याच्या सेटिंगमध्ये छपाई बंद करा. नाहीतर तिसरीचा वर्ग एका तासात रंगाची शाई संपवतो, आणि प्रत्येकाला आपल्या गणपतीची प्रत घरी न्यायची असते.