डोके-मान कर्करोगातील किरणोपचार : दुष्परिणामांची तुलना करू पाहणाऱ्या नव्या निवासी डॉक्टरांसाठी

किरणोपचाराच्या एमडीला आलेल्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी जे विषय खुणावतात, त्यांत डोके-मान कर्करोगातील निरनिराळ्या तंत्रांच्या दुष्परिणामांची तुलना हा विषय हमखास असतो. नाशिकमध्ये काम करणाऱ्याला रुग्णांची वाट पाहावी लागत नाही, कारण मालेगाव, येवला, सुरगाणा, पेठ अशा सगळ्या बाजूंनी तंबाखू, मिश्री आणि गुटख्याचे रुग्ण येतच असतात. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी ओपीडीत ती जाणवत नाही. विषय मोलाचा आहे, पण ही तुलना वाटते तितकी सोपी नाही, म्हणून काही गोष्टी सविस्तर सांगतो.

आधी किरण कुठून जातात ते समजून घ्या. जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर किरण दिले जात, त्यामुळे दोन्ही पॅरोटिड लाळग्रंथी जवळजवळ पूर्ण मात्रेत सापडत. आयएमआरटी या नव्या तंत्रात सात किंवा नऊ दिशांनी किरण येतात आणि प्रत्येक दिशेतील तीव्रता जागोजागी बदलता येते, म्हणून गाठीला 66 ते 70 ग्रे (ग्रे म्हणजे किरणमात्रेचे एकक) देऊनही निदान एका पॅरोटिडची सरासरी मात्रा 26 ग्रेच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करता येतो. याचा फायदा सिद्ध झालेला आहे. ब्रिटनमधील पारस्पोर्ट या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक वर्षानंतर त्रासदायक कोरडेपणा पारंपरिक उपचाराच्या गटात 74 टक्के, तर आयएमआरटीच्या गटात 38 टक्के रुग्णांना होता. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 60 रुग्णांवर केलेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थ्रीडी तंत्राशी, म्हणजे गाठीच्या आकारानुसार किरण देणाऱ्या पण तीव्रता जागोजागी न बदलणाऱ्या आधीच्या तंत्राशी, तुलना होती. तिथे उपचारकाळातील लाळग्रंथींचा त्रास 89 टक्क्यांवरून 59 टक्क्यांवर आला.

मात्र पारस्पोर्टचाच दुसरा आकडा विद्यार्थी सहसा वाचत नाहीत. त्याच चाचणीत थकवा आयएमआरटीच्या गटात जास्त होता, 41 टक्क्यांऐवजी 74 टक्के. गाठीभोवतीची मात्रा घडवण्यासाठी किरणांना लहान मेंदू, मानेची मागची बाजू, तोंडाचा पुढचा भाग अशा वाटांनीही जावे लागते, जिथून ते पूर्वी जात नव्हते. मानेवरचे केस गळणे किंवा केमोथेरपी नसतानाही मळमळणे यांचा उगम पुष्कळदा तिथे असतो. म्हणून तुमच्या नोंदवहीत फक्त कोरडेपणाचा रकाना ठेवाल, तर नवे तंत्र जिंकणार हे आधीच ठरल्यासारखे आहे; थकवा, मळमळ आणि केस गळणे यांचेही रकाने पहिल्या दिवसापासून हवेत. तोंड येण्याच्या बाबतीत मोठ्या फरकाची अपेक्षा ठेवू नका, कारण तोंडाचे अस्तर बहुतेकदा उपचाराच्या क्षेत्रातच असते. व्हीमॅट (यंत्र रुग्णाभोवती फिरत असतानाच किरण देणारे आयएमआरटीचे रूप) आणि नेहमीची आयएमआरटी यांच्या दुष्परिणामांतही फारसा फरक पडत नाही. व्हीमॅटचा खरा लाभ वेळेचा आहे आणि चिकट कफामुळे डोके स्थिर ठेवणाऱ्या मास्कखाली उताणे पडून राहणे असह्य झालेल्या रुग्णाला तो फार मोठा असतो.

आता सर्वांत महत्त्वाचे: विचारायचे कसे. ‘तोंड कोरडे पडते का?’ असे विचारले की जवळपास प्रत्येकजण हो म्हणतो आणि त्या होकारातून दुष्परिणामाच्या तीव्रतेची श्रेणी ठरत नाही. मी विचारतो, ‘बाबा, नागलीची भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरते का? का दुधात कुस्करूनच खावी लागते? रात्री पाण्यासाठी किती वेळा उठता?’ भाकरी कुस्करल्याशिवाय जात नसेल आणि उशाशी तांब्या लागत असेल, तर ती दुसरी श्रेणी झाली. तोंडाने पोटापुरते जातच नसेल, तर तिसरी. हेच प्रश्न, याच शब्दांत, दोन्ही गटांना आणि उपचारानंतर ठरलेल्या त्याच महिन्यांत विचारा, कारण वाचवलेली लाळग्रंथी दोन वर्षांपर्यंत सावरत राहते आणि तिसऱ्या महिन्याच्या नोंदीची बाराव्या महिन्याच्या नोंदीशी तुलना करण्याला अर्थ नाही.

उपचारापूर्वीची स्थिती नोंदवल्याशिवाय तर एकही रुग्ण घेऊ नका. आपल्याकडे सुपारी-गुटख्यामुळे तोंडाचे अस्तर आधीच आखडलेले असते. पुढच्या दातांमधील अंतर पट्टीने मोजून ठेवले नाही, तर 35 मिलिमीटरपेक्षा कमी तोंड उघडण्याचा दोष पुढे किरणांच्या माथी जातो. पाश्चात्त्य चाचण्यांतील रुग्ण बहुधा घशाच्या कर्करोगाचे असतात, तर आपले बरेचसे गाल आणि जिभेचे, शस्त्रक्रिया होऊन आलेले, ज्यांची जबड्याखालची लाळग्रंथी मानेच्या गाठींसोबत काढलेली असते. हे रुग्ण आणि शस्त्रक्रिया न झालेले रुग्ण एकत्र मोजले, तर तंत्राचा परिणाम कोणता आणि शस्त्रक्रियेचा कोणता हे सांगता येणार नाही. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध चालू असलेल्यांचेही तसेच आहे.

किरणांची मात्रा आखणाऱ्या भौतिकतज्ज्ञांशी दोस्ती ठेवा. योजनेतील मात्रा आणि प्रत्यक्ष मिळालेली मात्रा एकच असेल असे गृहीत धरू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन उतरते, मास्क गालापाशी सैल होतो, पॅरोटिड आकसून आत, म्हणजे जास्त मात्रेच्या दिशेने सरकते. त्या आठवड्यात मास्कखाली बोट सहज जाते का ते स्वतः पाहा, तंत्रज्ञांनाही विचारा आणि गरज वाटली तर नव्याने सीटी काढण्याचा आग्रह धरा.

शेवटची अडचण पाठपुराव्याची आहे. द्राक्षांचा हंगाम किंवा कांद्याची काढणी आली की तपासणीला येणारे कमी होतात. जे येत नाहीत त्यांत अगदी बरे असलेलेही असतात आणि गिळता न येऊन खंगलेलेही, त्यामुळे फक्त आलेल्यांवर काढलेली टक्केवारी फसवी ठरते. प्रवेशाच्या वेळीच घरातील दोघांचे फोन नंबर घ्या, न आलेल्यांना फोनवरून तेच भाकरीचे प्रश्न विचारा आणि ती माहिती फोनवरून घेतली आहे हे वेगळ्या रकान्यात स्पष्ट लिहा.