मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर जाताना
आमच्या शाळा-सॉफ्टवेअरचा डेटाबेस क्लाउडवर मायएसक्यूएल या डेटाबेस-सॉफ्टवेअरच्या ५.७ आवृत्तीवरच होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या आवृत्तीचा सपोर्ट संपला. पुढे क्लाउडवाल्यांनी जुन्या आवृत्तीसाठी जादा शुल्क लावलं, तेव्हा मी अपग्रेड हातात घेतलं.

चालू डेटाबेसला हात लावला नाही. स्नॅपशॉटवरून (त्या क्षणाच्या पूर्ण प्रतीवरून) वेगळा डेटाबेस उभा केला आणि तो ८.० वर नेला. लगेच निकालाचा रिपोर्ट अडला. क्वेरीत (डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आज्ञेत) ‘रँक’ नावाचा कॉलम होता आणि ८.० मध्ये तो राखीव शब्द आहे, म्हणजे नाव म्हणून तसाच वापरता येत नाही. नावाभोवती बॅकटिक (` हे चिन्ह) घातले, सुटलं.

दुसरी अडचण खरी त्रासदायक, कारण एरर काहीच येत नव्हती. ५.७ मध्ये ‘ग्रुप बाय’ (ओळींचे गट) केलं की ओळी आपोआप क्रमाने यायच्या, ८.० मध्ये ते बंद झालंय. त्यामुळे यादीत सातवी आधी आणि पाचवी नंतर! एकेक क्वेरी उघडून, क्रम हवा तिथे ‘ऑर्डर बाय’ (क्रम लावायची सूचना) लिहिलं. दोन दिवस गेले, पण हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

मग रविवारी पहाटे खरा डेटाबेस नेला. त्याआधी स्नॅपशॉट घेतला, कारण ८.० वरून त्याच डेटाबेसला परत ५.७ करता येत नाही. तो स्नॅपशॉट अजून जपून ठेवलाय.