मास्तरकीतून आमदारकी: उभं राहायच्या आधी काय काय बघायचं

"सर, यंदा तुम्हीच उभं राहा" असं चार लोक म्हणायला लागले की आधी एकच बघा, तुमचा पगार कुठून येतो. झेडपीच्या शाळेत असाल तर राजीनामा द्यावाच लागतो, आणि नुसता देऊन भागत नाही, मंजुरीचं पत्र अर्ज भरायच्या आधी हातात पाहिजे, नाहीतर छाननीत समोरचा लाभाचं पद (म्हणजे सरकारी पगाराची जागा) म्हणून आक्षेप घेतो आणि अर्ज बाद. खाजगी अनुदानित शाळेचे नियम वेगळे आहेत, तिथं संस्थेशी जे काय बोलाल ते लेखीच ठेवा.

मग कुठली निवडणूक? बहुतेकांच्या डोक्यात शिक्षक मतदारसंघ असतो. विधान परिषदेच्या 78 पैकी 7 जागा, वय किमान 30. पण मतदार कोण ते नीट बघा: माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत मागच्या 6 वर्षांत किमान 3 वर्षं शिकवलेले. म्हणजे झेडपीचे प्राथमिक गुरुजी आयुष्यभर शिकवूनही यादीत नाहीत, आणि उमेदवार मात्र शिक्षक असायलाच पाहिजे असं काही नाही! मुंबईची जागा 2006 ते 2024 कपिल पाटलांकडे होती, ते मूळचे पत्रकार. त्यामुळे "मी तुमच्यातलाच" एवढ्यावर कोणी मत देत नाही.

खरं काम मतदार यादीचं. ती प्रत्येक वेळी नव्यानं बनते, जुनं नाव आपोआप येत नाही, म्हणून 1 नोव्हेंबरच्या पात्रता तारखेच्या आसपास शाळाशाळांत फिरून फॉर्म 19 (नाव नोंदवायचा अर्ज) भरून घ्या, मुख्याध्यापकाच्या सहीशिक्क्यासकट. प्रचार नंतर. फिरताना भाषण ठोकू नका, विनाअनुदानितवाल्यांचा पगार आणि 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन यावर तुमचं म्हणणं काय ते तयार ठेवा, स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न तोच येणार.

मतदान पसंतीक्रमानं असतं, आयोगाच्याच पेननं 1, 2, 3 आकडे लिहायचे, बरोबरची खूण केली की मत बाद, आणि शिकलेली माणसंपण हे करतात. दुसऱ्या पसंतीसाठी इतर उमेदवारांशी गोड राहा, पहिल्या फेरीत कोटा (जिंकायला लागणारी मतं) नाही गाठला तर तीच कामाला येते.

साधी विधानसभा लढवायची तर गोव्याचे लक्ष्मीकांत पार्सेकर बघा, हरमलच्या शाळेत मुख्याध्यापक होते, 2002 ला मांद्रेतून आमदार, 2014 ला मुख्यमंत्री. आणि 2017 ला मुख्यमंत्री असताना त्याच मांद्रेत पडले, तेव्हा एकगठ्ठा माजी विद्यार्थी मतं देतील हा हिशोब कागदावरच ठेवा.

डिपॉझिट 10,000. परिषदेला त्याच यादीतले 10 सूचक (अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारे) लागतात, चार-पाच जास्तीचे धरून ठेवा, ऐनवेळी कोणीतरी फोन बंद करतोच.